उसनं विरजण

रूपालीताईंनी भाकरीचा तिसरा चतकोर मोडला, तेवढ्यात ओट्यावरचा फोन बोलला, "साखर एकशे अठरा. छान."

"ऐकलंस?" त्यांनी सुनेकडे बघून भुवया उडवल्या. "आता छान म्हणतोय मेला. गेल्या वर्षी अर्ध्या भाकरीला बोंब ठोकायचा."

ईश्वरी हसली. चार महिन्यांची चिमी तिच्या मांडीवर दूध पिता पिता झोपून गेली होती, आणि एका हाताने जेवायचं कसब ईश्वरीला आता चांगलं साधलं होतं. ताटात भात, आमटी, वाटीत घट्ट ताक. रोज दुपारी सासूबाई स्वतः घुसळून द्यायच्या आणि तिचं पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

त्यांच्या दंडावर मसुराच्या डाळीएवढी एक टिकली चिकटवलेली होती. ती रक्तातली साखर मोजायची आणि फोनला सांगायची. फोन अख्ख्या घराला सांगायचा. तासगावात राहून गोडाशी वैर धरणं सोपं नाही. गावाभोवती द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड. अशाच एका शेडवर रूपालीताईंनी बावीस वर्षं बेदाणा निवडला होता. पुढे कॅमेऱ्याची यंत्रं आली, तरी पहिल्या प्रतीच्या मालावरून शेवटचा हात फिरवायला मालक त्यांनाच बोलवायचे. यंत्राला दाण्याचा रंग कळायचा. कुठला दाणा चार दिवसांनी चिकट होणार, ते कळायचं नाही. मग मधुमेहाने त्यांच्या डाव्या तळव्याला जखम झाली, आणि अकरा महिने ती भरायचं नाव घेईना. बोट काढावं लागेल, असं सर्जन म्हणाले होते.

त्याच सुमारास 'अपिष्ट' आलं.

अपिष्ट म्हणजे दह्यातून पोटात घ्यायचे, प्रयोगशाळेत घडवलेले जंतू. भात, भाकरी, बटाटा, साबुदाणा, सगळ्यांत मुख्यतः पिष्ट असतं. आतड्यात त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. हे जंतू आतड्याच्या सुरुवातीलाच दबा धरून बसायचे. पिष्टाची साखर झाली रे झाली, की रक्तात शिरायच्या आधी ते ती उचलायचे आणि तिची लांबलचक साखळी विणून टाकायचे. ती साखळी शरीराला तोडता येत नाही. ती कोंड्यासारखी बाहेर पडते. ताटात भाकरी, पण अंगाला तिचा पत्ता नाही. दुधातल्या आणि फळांतल्या साखरेला ते हात लावत नसत.

ज्यांना भात-भाकरी सोडा म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत होते आणि ज्यांच्याने ती सुटत नव्हती, त्यांच्यासाठी हे वरदान होतं. त्यांच्या डॉक्टर तांबोळी मॅडमनी आधी रूपालीताईंचं इन्सुलिन टप्प्याटप्प्याने उतरवलं, नाहीतर साखर एकदम खाली कोसळली असती. पाच महिन्यांत त्यांचं वजन नऊ किलोंनी कमी झालं. सहाव्या महिन्यात तळव्यावर गुलाबी कातडी धरली. सातव्या महिन्यात त्या चपला घालून शेडवर गेल्या आणि बायकांनी त्यांना पेढ्याऐवजी शेंगदाणे भरवले.

बनवणाऱ्यांनी या जंतूंना एक कुलूपही घातलं होतं. त्यांना जगायला एक जीवनसत्त्व लागायचं. ते ना दुधात होतं, ना रोजच्या जेवणात. होतं फक्त अपिष्टच्या पाकिटातल्या पावडरीत. म्हणजे दर आठवड्याला नवं पाकीट, नवी वाटी, आणि ती वाटी एकट्या पेशंटने संपवायची. पाकीट थांबलं की तीन आठवड्यांत पोटातले जंतू आपोआप मरणार. कागदावर सगळं चोख होतं. कागद लिहिणाऱ्यांपैकी कुणी तासगावच्या स्वयंपाकघरात दही लावलं नव्हतं, एवढंच.

*

बाळंतपणाआधीचा जांभळा कुर्ता ईश्वरीला परत बसला, त्या दिवशी ती आरशासमोरून हलेचना.

"अहो, बघा ना," तिने तेजसला हाक मारली. तेजस कोल्ड स्टोरेजवर निघाला होता. तो दारातूनच म्हणाला, "लग्नातल्यासारखी दिसतेस."

"खोटं."

"बरं, साखरपुड्यातल्यासारखी."

तीन आठवड्यांत सात किलो. समोरच्या सुलभाने विचारलं, काय करतेस गं? मलाही सांग. ईश्वरी म्हणाली, काही नाही, अंगावर पाजते ना, त्याने उतरत असेल. गंमत म्हणजे सुलभाही बारीक झाली होती, तीही काही न करता. दोघींनी एकमेकींना टाळ्या दिल्या.

ईश्वरी एका खाजगी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर तीन आठवड्यांत सात किलो वाचलं असतं, तर तिने लाल पेनाने गोल केला असता. स्वतःच्या कंबरेपुढे ती सगळं शिक्षण विसरली. डोकं दुखायचं, जागरणामुळे असेल. जीव घाबरा व्हायचा, अशक्तपणा असेल. तहान तहान व्हायची. पाजणाऱ्या बाईला लागतेच की.

शुक्रवारी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. दहा वाजेपर्यंत धाप लागली, नुसतं बसून. रूपालीताई तिच्या तोंडावरचे केस मागे सारायला वाकल्या आणि तशाच थबकल्या.

"ईश्वरी, तोंडाला वास कसला येतोय गं तुझ्या? नेलपॉलिश पुसायचं औषध असतं, तसला?"

तो वास ईश्वरीला माहीत होता. लॅबमध्ये शेकडो नमुन्यांना तो यायचा. तिने तोंडावर हात धरून श्वास सोडला आणि म्हणाली, "आई, रिक्षा बोलवा."

*

तांबोळी मॅडमनी रिपोर्ट बघितला, मग पेशंटकडे बघितलं, मग पुन्हा रिपोर्ट.

"खरं सांग. भात-भाकरी सोडलीस ना? बारीक व्हायला?"

"नाही मॅडम. दोन्ही वेळा भात खाते मी."

"मग हे कीटोन कुठून आले?"

सलाइन सुरू झालं. साखरेचं सलाइन, थेट शिरेतून. मॅडम पलंगाच्या कडेला टेकल्या. रूपालीताई भिंतीशी चिमीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही कळावं म्हणून मॅडम सावकाश बोलल्या.

"अंगाला साखर मिळेनाशी झाली, की ते चरबी जाळायला काढतं. चरबी जळताना यकृतात कीटोन तयार होतात. थोडे असले तर वाईट नाही. मेंदू, हृदय त्यांच्यावर मजेत चालतं. रूपालीताई, तुम्हाला जे बरं वाटलं ना, ते यानेच. साखर चढत नाही, वजन उतरतं, जखमा भरतात. पण पाजणारी बाई वेगळी. हिच्या दुधातून रोज पन्नासेक ग्रॅम साखर बाळाला जाते. वरून काही आलं नाही, तरी अंग ती साखर कुठून तरी काढून दुधात घालतंच. बाळाला कमी पडू देत नाही. मग कीटोन साठत जातात आणि रक्त आंबट व्हायला लागतं. अजून एक दिवस घरी काढला असता, तर मी आज अशी बसून बोलत नसते."

"बाळाला काही..." ईश्वरीने चिमीकडे बघितलं.

"बाळ मस्त आहे. दूध गोडच राहतं. पोखरली जाते ती आई."

चिमीने आजीच्या खांद्यावर ढेकर दिली.

ईश्वरी छताकडे बघत पडली. दोन्ही वेळा भात, आणि अंगाला साखर नाही. हे कोडं नव्हतंच. हे कोण करतं, ते तिच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. दुपारचं ताक. समोर उभं राहून पाजलेलं ताक. सुलभा मागच्या महिन्यातच तर सासूबाईंकडे वाटी घेऊन आली होती, वहिनी, विरजण द्या म्हणून.

तिने डोळे मिटले. अपिष्टच्या संमतीपत्रावर सासूबाईंची सही तिनेच घेतली होती. त्यातलं कलम तिला आठवत होतं: जंतू पेशंटबाहेर गेल्याचं आढळलं, तर उपचार तात्काळ थांबेल. थांबला, की पुन्हा इन्सुलिन, पुन्हा ती जखम. आत्ता बोलायचं की सलाइन संपल्यावर? की मुळी बोलायचंच नाही, घरी जाऊन गुपचूप ते दही ओतून टाकायचं? पण सुलभाचं काय? आणि आणखी कुणाकुणाचं?

"मॅडम," ती म्हणाली, आणि थांबली.

"ती नाही बोलायची," भिंतीपासून आवाज आला. "मी सांगते."

रूपालीताईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शेडवर मालकाशी बोलतानाचा होता.

"दोन महिन्यांमागं पाकीट आलंच नाही दोन आठवडे. मी घाबरले. वाटीत तळाशी चमचाभर दही राहिलं होतं. ते आमच्या घरच्या विरजणात मिसळलं आणि दही लावलं. म्हटलं, जमतंय का बघू. आणि जमलं की! टिकली रोज छान म्हणायला लागली. मग तेच करत गेले. पुढं पाकिटं आली, ती तशीच कपाटात ठेवली, अडीनडीला. बोळकं वेगळं ठेवलं होतं हो मी, लाल दोरा बांधून. पण चमचा..." त्या थांबल्या. "चमचा एकच होता."

त्यांनी चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मीच पाजलं गं तुला," त्या ईश्वरीला म्हणाल्या. "रोज उभी राहून."

ईश्वरीने सलाइन नसलेला हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला नाही; त्यांनी त्या हातात चिमीला दिलं. तेवढंच त्यांना सुचलं असावं.

*

अपिष्टचं केंद्र सांगलीत होतं. तिथल्या माणसांचा विश्वासच बसेना. दूध आणि विरजण एवढ्यावर हे जंतू जगूच शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पोटातले जंतू मारायचा औषधाचा कोर्स घेऊन आठवडाभराने घरी आल्यावर ईश्वरीने दोन्ही बोळक्यांतले नमुने आपल्या लॅबमध्ये नेले, चिमीला सासूबाईंकडे ठेवून, दोन पाजण्यांच्या मधल्या वेळेत. त्यांतली एकेक जात वेगळी वाढवून बघितल्यावर उत्तर समोर आलं.

रूपालीताईंचं विरजण त्यांच्या आईने लग्नात दिलेलं. मुरगूडहून मांडीवर बोळकं धरून आणलेलं, आणि तेव्हापासून एक दिवसही न मोडलेलं. इतक्या वर्षांत त्यात कितीतरी जातींचे जंतू गुण्यागोविंदाने नांदत होते. त्यांतली एक जात नेमकं ते जीवनसत्त्व बनवायची, स्वतःला लागेल त्याहून जास्त, आणि उरलेलं बाहेर सोडायची. नवखे जंतू शेजारी येऊन बसले आणि त्यावर जगले. कुलूप तोडायची गरजच पडली नाही. शेजाऱ्याने आतून कडी काढून दिली.

"म्हणजे आत पण उसनवारीच चालते म्हणायची," रूपालीताई ऐकून म्हणाल्या. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

केंद्राने निर्णय कळवला. रूपालीताईंचा उपचार बंद. ज्यांच्या ज्यांच्या घरी ते विरजण गेलं, ती सगळी घरं शोधायची, तिथलं दही उकळून टाकायचं, माणसं तपासायची. सगळे स्वच्छ निघाले, तर दोन महिन्यांनी फेरविचार करू.

दोन महिन्यांनी चिमीचं उष्टावण होतं. ईश्वरीने मनाशी तारखा जुळवल्या. दूध पिणाऱ्या बाळाला ते जंतू त्रास देत नव्हते, कारण त्यांना दुधात रस नव्हता. पण त्यांतले थोडे जरी, एखाद्या मुक्यातून, बोटातून, चिमीच्या पोटात गेले असतील, तर तिचा पहिला भात तिला लागणारच नव्हता. तिला औषध देण्याएवढी ती मोठी नव्हती. तिच्या पोटात दही, म्हणजे ते जीवनसत्त्व, गेलं नव्हतं, त्यामुळे असतील ते आपोआप मरतील, असं मॅडम म्हणत. वाट बघायची, आणि दर पंधरा दिवसांनी तिच्या लंगोटातला नमुना तपासायचा.

"किती घरं, आई?"

रूपालीताईंनी बोटांवर मोजलं. "सुलभा. सावंत मास्तर. पवारांची धाकटी. कोपऱ्यावरची शहनाज. शेडवरच्या दोघी. आणि दूधवाल्याची बायको." त्या खजील होऊन म्हणाल्या, "विरजणाला कुणी नाही म्हणतं का गं?"

दोघी निघाल्या. पुढे रूपालीताई, बऱ्या झालेल्या पायाने. मागे चिमीला झोळीत बांधून, तपासणीच्या पट्ट्या घेऊन ईश्वरी. प्रत्येक दारात रूपालीताई तेच वाक्य बोलायच्या, "मी दिलेल्या विरजणात माझं औषध मिसळलं होतं, चूक माझी आहे." पहिल्या घरी त्यांचा आवाज फुटला. चौथ्या घरी सरळ झाला.

सावंत मास्तरांना दोनदा भोवळ येऊन गेली होती. ते साखर उतरवायच्या गोळ्या घ्यायचे, आणि गोळ्यांना साखरच सापडत नव्हती. "मला वाटलं, माझं वय झालं," ते म्हणाले आणि खूश झाले. शहनाज म्हणाली, तरीच, महिनाभर साडेतीन चपात्या खाऊन पोट भरल्यासारखं होईना. सुलभा मात्र बोळकं छातीशी धरून उभी राहिली.

"सहा किलो उतरलंय, वहिनी. मी नाही देणार."

"दे गं."

"मला काही त्रास नाही. मी थोडीच पाजतेय कुणाला?"

"सुलभा," रूपालीताई उंबऱ्यावरच बसल्या. "मलाही त्रास नव्हता. माझा तर पाय वाचला याने. पण मला डॉक्टरनी रक्त तपासून, गोळ्या कमी करून, किडनी बघून दिलं होतं. तू नुसतं वाटीतून नेलंस. ही पोर त्या पलंगावर धापा टाकत होती ना, तेव्हा हिचाही कुर्ता तुझ्यासारखाच सैल होत होता. बारीक व्हायचंय ना? मग ये माझ्याबरोबर तांबोळी मॅडमकडे. सरळ वाटेनं बारीक हो."

सुलभाने ईश्वरीकडे बघितलं. मग बोळकं पुढे केलं.

शेवटचं बोळकं घरचं होतं. रूपालीताईंनी ते स्वतः पातेल्यात ओतलं, गॅस मोठा केला आणि दह्याच्या गुठळ्या होऊन पाणी सुटेपर्यंत ढवळत राहिल्या. "फार वाफ येते बाई," एवढं म्हणून पदराने चेहरा पुसला.

*

पुढचे दिवस टिकलीचे होते.

"साखर दोनशे एक्केचाळीस. काळजी घ्या."

"घेतेय की! ओरडतोस कशाला?"

मॅडमनी इन्सुलिन पुन्हा सुरू केलं आणि ताट नव्याने मांडून दिलं. भाकरी अर्धी, भात नाही. अंडी, मटकी, मेथी, पनीर, शेंगदाण्याची चटणी. जंतूंनी जे फुकट केलं होतं, ते आता रूपालीताईंना रोज हाताने करायचं होतं. अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. दोनशे एक्केचाळीसची एकशे नव्वद झाली, मग एकशे साठ. तळवा ईश्वरी रोज सकाळी उन्हात बघायची. कातडी गुलाबीच होती.

जेवायला दोघी शेजारी बसायच्या. एका ताटात वाफाळता भात, दुसऱ्यात अंड्याची पोळी. पहिल्या दिवशी ईश्वरी भात नुसताच चिवडत बसली.

"जेव," सासूबाई म्हणाल्या. "तुझा भात माझ्या नातीच्या पोटात जातो. मला पोचला तो."

चिमीचे तीन नमुने तपासून झाले. तिन्हीत काही नाही. विरजण गेलेली सातही घरं स्वच्छ निघाली. उष्टावणाच्या आदल्या आठवड्यात केंद्राचं पत्र आलं: रूपालीताईंचा उपचार पुन्हा सुरू होईल, मात्र आता दह्यातून नाही, कॅप्सूलमधून. आणि त्यांच्या विरजणातल्या त्या उदार जातीचा अभ्यास करायचा आहे, तरी मूळ नमुना मिळेल का?

"मूळ कुठलं आता," रूपालीताई म्हणाल्या. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. उपचार परत मिळाल्याचा आनंद होता, नाही असं नाही. पण भाताबरोबर चिमीला पहिलं दही भरवायचं होतं, आणि ते दुकानातल्या डब्यातलं असणार होतं.

दोन दिवसांनी निपाणीहून टपालाने एक जाड पाकीट आलं. आत कडक वाळलेला, पांढराशुभ्र रुमाल. सोबत वहीच्या पानावर चार ओळी:

"रूपे, सुलभाचा फोन आला होता, सगळं कळलं. आठ वर्षांपूर्वी शेड सोडून लेकीकडं आले, तेव्हा तू तुझ्या दह्यात रुमाल बुडवून वाळवून दिलास, आठवतंय? तेव्हापासून रोज लावते. तसाच बुडवून, वाळवून पाठवला आहे. चिमीला पापा. भारती."

आठ वर्षांपूर्वी अपिष्ट जन्माला यायचं होतं. तरी ईश्वरीने आधी रुमालाचा एक दोरा लॅबमध्ये तपासला. नवखं कुणी नाही. जुनी मंडळी सगळी हजर. त्यांतला एक तुकडा केंद्राकडे गेला. उरलेला रुमाल रूपालीताईंनी कोमट दुधात सोडला, नव्या बोळक्यावर झाकण ठेवलं, आणि दुपारभर त्या ओट्यापाशी अशा काही घुटमळल्या, की शेवटी चिमीही तिकडेच बघायला लागली.

"झाकण उघडू नका हं आई, लागायचं नाही."

"मला शिकवतेस?"

पहिल्या दिवशी नुसतं दाटसर दूध झालं. दुसऱ्या दिवशी तारा सुटल्या. तिसऱ्या दिवशी, उष्टावणाच्या सकाळी, रूपालीताईंनी बोळकं तिरकं केलं. दही हललं नाही.

"लागलं," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

दुपारी मामाच्या मांडीवर बसून चिमीने पहिला घास घेतला: मऊ भात, वर बोटाच्या टोकाएवढं दही. तिने तोंड वेडंवाकडं केलं, सगळ्यांकडे रागाने बघितलं, आणि मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं. सुलभा, शहनाज, मास्तर, सगळे टाळ्या वाजवत होते.

गर्दी पांगल्यावर दूधवाल्याची बायको दारात रेंगाळली. पदराआड वाटी होती. "वहिनी, मागू की नको, कळेना..."

रूपालीताईंनी सुनेकडे बघितलं.

ईश्वरी उठली. फडताळातून कोरा चमचा काढला, बोळक्यातलं चमचाभर दही तिच्या वाटीत घातलं, आणि चमचा धुवायला टाकला.